पुण्याचं ज्ञान मोजायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. ते खरं आहे का, आणि खरं असेल तर ते तपासायचं कसं, हे मला अनेक जण विचारतात. कधी स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, कधी नागरिक मंचाच्या बैठकीत मागच्या रांगेतले एखादे आजोबा. शहरांच्या आकडेवारीवर मी बरीच वर्षं काम करते. तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. ज्ञानावर चालणारी शहरं मोजण्याच्या पद्धती जगभर वापरल्या जातात, पण उदाहरण म्हणून मी पुणंच घेतलं आहे. याच गावाचे आकडे मी सर्वांत जास्त वेळा उलटसुलट करून पाहिले आहेत.

ज्ञानसमाज म्हणजे शिकलेल्या लोकांचा समाज का?

तेवढंच नव्हे. शिकलेली माणसं पेशवाईतही होती. ज्या समाजात पोटापाण्याचा मोठा वाटा संशोधन, माहिती आणि कौशल्य यांवर चालतो आणि रोजचे निर्णयही त्याच आधारावर घेतले जातात, त्याला ज्ञानसमाज म्हणतात. युनेस्कोने २००५ साली या विषयावर जो अहवाल काढला, त्यात मुद्दाम ‘ज्ञानसमाज’ या शब्दाचं अनेकवचन वापरलं आहे. सगळ्यांनी एकाच साच्यात बसावं अशी अपेक्षा नको, हा त्यामागचा विचार. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोजमाप आलं की साचा आपोआप येतो.

देशाचे आकडे असतातच. मग शहर वेगळं कशाला मोजायचं?

कारण ज्ञानाची कामं देशभर सारखी पसरत नाहीत, ती काही गावांत गोळा होतात. पुण्यात एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५० साली आली, एनआयव्ही १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, खगोलशास्त्राची आयुका आणि संगणक संशोधनाची सी-डॅक १९८८ साली, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर २००६ साली. एक संस्था आली की तिच्यामागून दुसरी येते, कारण माणसं तयार असतात, ग्रंथालयं असतात, चहाच्या टपरीवर बोलायला त्याच विषयातलं कुणीतरी भेटतं. देशाच्या सरासरीत हे काही दिसत नाही.

आपल्याकडे एक अडचण मात्र कायमची आहे. महाराष्ट्रात राज्याचं उत्पन्न मोजतात, जिल्ह्याचंही मोजतात, पण शहराचं अधिकृत उत्पन्न असा आकडाच निघत नाही. त्यामुळे ‘पुण्याच्या अर्थव्यवस्थेत ज्ञानाचा वाटा अमुक टक्के’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर भाजक कुठून आणला हे आधी विचारा.

असं मोजमाप पहिल्यांदा कुणी केलं?

देशपातळीवर फ्रिट्झ मॅकलप या अर्थशास्त्रज्ञाचं नाव घ्यावं लागतं. १९६२ साली त्यांनी अमेरिकेच्या शिक्षण, संशोधन, छपाई, दळणवळण वगैरे कामांची बेरीज मांडली आणि १९५८च्या राष्ट्रीय उत्पन्नात ‘ज्ञाननिर्मिती’चा वाटा सुमारे २९ टक्के असल्याचं दाखवलं. नंतरच्या बऱ्याच पद्धतींचा पाया तिथे आहे.

पण शहर मोजण्याची परंपरा म्हणाल, तर ती पुण्याकडे स्वतःची आहे, आणि हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. १९३०च्या दशकात धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्यात घरोघरी जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी केली. कोण काय काम करतं, किती कमावतं, कुठून आलं, किती शिकलं. आर्थिक भाग १९४५ साली छापून आला, सामाजिक भाग १९५२ साली. १९५४ साली संस्थेने पुन्हा पाहणी केली आणि मधल्या काळात काय बदललं ते तपासलं. संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि जिने चढणारी माणसं होती. आज आपल्याकडे शहराबद्दल कितीतरी जास्त आकडे आहेत, पण त्याच शहरात काही वर्षांनी परत जाऊन तेच प्रश्न विचारण्याची ती चिकाटी मला फारशी दिसत नाही.

आज कुठल्या पद्धती वापरतात?

जागतिक बँकेने देशांसाठी चार खांबांची पद्धत आणली होती: धोरणं आणि संस्था, शिक्षण, नवनिर्मिती आणि माहिती तंत्रज्ञान. पुढे अनेकांनी हेच खांब शहरांना लावले. मेक्सिकोतल्या मॉन्टेरीचे फ्रान्सिस्को हावियर कारिय्यो यांनी वेगळी वाट धरली. शहराकडे कोणकोणतं भांडवल आहे, असं ते विचारतात, आणि त्या भांडवलात शहराची ओळख, नाती, आपसातला विश्वास हेही धरतात. मला ही मांडणी जवळची वाटते, जरी तिच्यातल्या अर्ध्या गोष्टींना आकडा लावताना घाम फुटतो.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ३७१२० हे मानक २०१४ साली आलं. त्यात शहरांच्या सेवा आणि जीवनमान यांचे निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, आणि त्यांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत, म्हणजे दोन शहरं ‘शाळा’ म्हणताना एकाच गोष्टीबद्दल बोलतात. ‘स्मार्ट’ शहरांसाठी ३७१२२ हे मानक २०१९ साली आलं. व्याख्या हा कंटाळवाणा विषय आहे, पण बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात.

पुणे एका यादीत पहिलं येतं आणि दुसऱ्या यादीत दिसतच नाही. हे कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. केंद्र सरकारच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात २०१८ साली १११ शहरांमध्ये पुणे पहिलं आलं. पुढच्या फेरीत, म्हणजे २०२०च्या निर्देशांकात, दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. आता जागतिक नवनिर्मिती निर्देशांकासोबत निघणारी, विज्ञान-तंत्रज्ञानाचं काम जिथे दाटलं आहे अशा शहरी भागांची यादी पाहा. २०२४ साली तिच्यातल्या पहिल्या शंभरात भारतातली चार शहरं होती: बंगळुरू, दिल्ली, चेन्नई, मुंबई. पुणे नव्हतं.

दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघींनी वेगवेगळं विचारलं. पहिलीने विचारलं, इथे राहणं किती सोयीचं? २०२०च्या फेरीत तर एकूण गुणांपैकी तीस टक्के भार नागरिकांच्या स्वतःच्या मताला होता. दुसरीने विचारलं, आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांवर ज्यांची नावं आहेत ते संशोधक कुठे राहतात आणि शोधनिबंधांचे लेखक कुठे काम करतात? ते पत्ते नकाशावर ठेवायचे आणि ठिपके दाट कुठे होतात ते पाहायचं. ही युक्ती मला आवडते, कारण कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याने फसगत होत नाही; माणूस जिथे बसून डोकं चालवतो ती जागा मोजली जाते. पण अशा नकाशात ना शाळा येते, ना वाचनालय, ना नळाचं पाणी.

तेव्हा क्रमांक ऐकला की टाळ्या वाजवण्याआधी किंवा नाक मुरडण्याआधी एवढंच विचारावं: काय मोजलं?

निर्देशांक प्रत्यक्षात तयार कसा होतो?

साक्षरता टक्क्यांत असते, पेटंट संख्येत, प्रवासाचा वेळ मिनिटांत. यांची थेट बेरीज होत नाही. म्हणून प्रत्येकाला शून्य ते शंभर अशा पट्टीवर आणतात: सर्वांत मागच्या शहराला शून्य, सर्वांत पुढच्याला शंभर, बाकीची मध्ये. मग प्रत्येक निर्देशकाला भार द्यायचा आणि सरासरी काढायची.

खरी गोम सरासरीत आहे. समजा एका शहराला संशोधनात ९० आणि मुलींच्या शिक्षणात १० गुण आहेत. साधी सरासरी ५०. दुसऱ्या शहराला दोन्हींत ५०, त्याचीही सरासरी ५०. कागदावर दोन्ही शहरं सारखी! गुणोत्तर सरासरी काढली, म्हणजे गुणाकार करून वर्गमूळ घेतलं, तर पहिलं शहर ३० वर येतं आणि दुसरं ५० वरच राहतं. मानव विकास निर्देशांकाने २०१० साली हाच बदल केला. एका विषयातल्या मार्कांनी दुसऱ्या विषयातलं नापास होणं झाकता येऊ नये, हे त्यामागचं कारण. शहरांच्या निर्देशांकात मी साधी सरासरी पाहिली की पुढचं पान उलटण्याआधी गुणोत्तर सरासरी काढून बघते.

भार कोण ठरवतं? बहुतेक वेळा तज्ज्ञांची समिती. तिच्यात कोण बसलं होतं हे अहवालाच्या शेवटच्या पानांत असतं. ती पानं वाचावीत.

‘पुणे’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

मोठा आणि अवघड प्रश्न. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती, जिल्ह्याची ९४,२९,४०८. पुण्याचा म्हणून सांगितलेला कुठलाही आकडा यांपैकी कशाने भागला, त्यावर उत्तर तिपटीने बदलतं. त्यानंतर महापालिकेची हद्दही बदलली: २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३.

आणि हिंजवडी! पुण्याची आयटी म्हणून जगाला दाखवतात ते उद्यान एमआयडीसीने उभं केलं, वर्षानुवर्षं त्या भागाचा कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला आणि तिथे काम करणारी माणसं राहतात पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, वाकडला, बाणेरला. महापालिकेची रेघ ओढून मोजलं, तर पुण्याच्या ज्ञानउद्योगातला एक मोठा तुकडा पुण्याबाहेर पडतो. माझ्या मते अशा मोजमापाला रोजच्या ये-जा करण्याचा पट्टा धरावा: माणूस सकाळी कुठून निघतो आणि कुठे पोचतो. प्रशासनाची हद्द करवसुलीसाठी ठीक आहे.

बाहेरगावची मुलं पुण्याच्या आकड्यांत धरायची का?

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीत पुणे जिल्ह्यात ४७५ महाविद्यालयं नोंदली आहेत. देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत हा आकडा बसतो. या महाविद्यालयांतली सगळी मुलं पुण्याची नाहीत हे उघड आहे. शहरापुरतं उच्च शिक्षणाचं प्रमाण काढायचं, तर भागाकारातल्या वरच्या संख्येत लातूर, नांदेड, बीड, जळगावची मुलं येतात आणि खालच्या संख्येत १८ ते २३ वयाच्या इथल्या लोकसंख्येचा जुन्या जनगणनेवरून काढलेला अंदाज. उत्तर फुगणारच.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी एकदा सकाळी सहाला गेले होते. जिन्यावर चपलांचा ढीग, आत प्लायवूडचे खण, प्रत्येक खणावर नंबराची चिकटपट्टी. एका खणात अंबाजोगाईजवळच्या गावातली मुलगी बसली होती. समोर चिकटवलेलं वेळापत्रक, पाण्याची बाटली, पेनांनी भरलेला स्टीलचा पेला. दोघी मैत्रिणींसोबत ती कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहत होती, मेस महिन्याची. मी विचारलं, आधार कार्डावर पत्ता कुठला? गावचा. मतदार यादी? गाव. रेशन कार्ड? तेही गाव. प्रगणक दारात येईल त्या दिवसांत ती इथे राहत असेल, तर जनगणनेत पुणेकर. बाकी सगळ्या कागदांवर ती पुण्यात नाहीच.

तरीही तिच्या भाड्यावर, तिच्या मेसवर आणि तिने अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या पुस्तकांवर या शहराचा एक अख्खा भाग चालतो. ज्ञानाचं शहर म्हणून जे मोजायचं, त्यात ती पहिल्या पानावर असायला हवी. तिला खोलीचं भाडं किती पडतं, रात्री अभ्यासिकेतून परतताना रस्त्यावर दिवा असतो का, परीक्षा निघाली नाही तर ती पुढे काय करते. असे निर्देशक मी एकाही यादीत पाहिलेले नाहीत.

पेटंटची संख्या हे ज्ञानाचं चांगलं माप नाही का?

औषधं, रसायनं, इलेक्ट्रॉनिक्स यांच्यापुरतं बऱ्यापैकी चांगलं. त्यापलीकडे फार कमी. १९१७ साली सुरू झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या पोथ्यांच्या पाठशोधनावर, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्यावर, पेटंट निघत नाही. आयुकातल्या गणितावर निघत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी आकाशातून टिपलेल्या रेडिओलहरींवर निघत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाला लागून, ओळीत आणि सारख्या खोलीचा पडतो. याला मठार म्हणतात. मी तिथे उभी राहून पाहिलं आहे: कारागीर बोलत असतो, नजर आपल्याकडे असते आणि हात तरीही चुकत नाही. मठारल्याने पत्रा कठीण होतो, भांडं टिकतं. हे धातुविज्ञानच आहे, फक्त लिहून ठेवलेलं नाही. शहराच्या ज्ञानाच्या हिशेबात त्याची नोंद शून्य. आळीतलं एक दुकान बंद होतं, तेव्हा निर्देशांक हलत नाही.

इतक्या संशोधन संस्था असूनही शहराचे साधे प्रश्न का सुटत नाहीत?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगत किरकटवाडी, नांदेड, नांदोशी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. ही गावं २०२१ साली महापालिकेत आली होती. रुग्णांचे नमुने तपासले एनआयव्हीने, पुण्यातच. विषाणूंच्या अभ्यासातली देशातली पहिल्या दर्जाची संस्था आणि तो नळ एकाच शहरात होते, वीसेक किलोमीटरच्या आत.

पुण्याकडे ज्ञान नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. ते किरकटवाडीच्या टाकीपर्यंत पोचलं नव्हतं. आपले बहुतेक निर्देशांक साठा मोजतात: किती संस्था, किती पीएचडी, किती शोधनिबंध. पोच मोजत नाहीत.

साठा आणि पोच यांतला फरक समजायला पुण्याचंच १८४८ साल घ्यावं. त्या वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आणि त्याच वर्षी भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. दोन्ही हवंच होतं. वाचनालयातली पुस्तकं मोजणं सोपं आहे. भिडेवाड्याने काय केलं हे मोजायचं, तर आधी ज्यांच्यापर्यंत अक्षर जात नव्हतं त्यांची यादी करावी लागते, आणि ती यादी करायला कुणी उत्सुक नसतं.

इंटरनेट घरोघरी आलं. आता पोचेचा प्रश्न उरतो का?

उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. त्यानंतर आकडे नक्कीच वाढले असतील. पण घरात फोन आहे आणि तो तिच्या हातात आहे, या दोन वेगळ्या नोंदी असायला हव्यात.

जुन्या जनगणनेवर किती दिवस विसंबायचं?

२०२१ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर पुण्याची साक्षरता म्हणून जो ८९ टक्क्यांच्या पुढचा आकडा वाचाल, तो २०११चा आहे हे लक्षात ठेवा. त्या वेळी किरकटवाडी पुण्यात नव्हती.

तुमच्या हातात असतं, तर तुम्ही काय मोजलं असतं?

प्रभागवार मोजलं असतं, शहराची एकच सरासरी काढली नसती. दहावीनंतर किती मुली कुठल्या ना कुठल्या वर्गात आहेत. मोफत बसून वाचता येईल अशी जागा घरापासून चालत किती मिनिटांवर आहे. पाण्याच्या तपासणीचा निकाल त्या पाण्याच्या वापरणाऱ्याला किती दिवसांत कळतो. संशोधन संस्थांनी शहराच्या कुठल्या प्रश्नावर काम केलं आणि महापालिकेने त्यातलं काय वापरलं. आणि दर पाच वर्षांनी त्याच घरांत परत गेले असते, गाडगीळांच्या माणसांसारखी.

कायद्यानुसार महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. ज्ञानाबद्दलही तसा अहवाल काढायला काय हरकत आहे? सुरुवातीला दहा पानांचा असला तरी चालेल.

कोल्हापूर, लातूर, नाशिकसारख्या शहरांना हे लागू पडतं का?

पडतं, फक्त निर्देशक तेच घेऊ नका. लातूरची ओळख बारावीच्या निकालांनी आणि शिकवण्यांनी झाली आहे. तिथे शिकून मुलं कुठे गेली आणि किती परत आली, हे पेटंटपेक्षा कितीतरी जास्त बोलकं ठरेल.

आमच्या प्रभागापुरतं काही मोजायचं असेल, तर सुरुवात कुठून करू?

पाण्यापासून करा. तिथे उत्तर लवकर मिळतं आणि सगळ्यांना समजतं. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पाणीपुरवठा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे देऊन पोचपावती घ्या. प्रश्न मोघम नको. ‘पाणी शुद्ध आहे का’ असं विचाराल, तर ‘होय’ असं एका शब्दात उत्तर येईल. असं विचारा: ‘आमच्या प्रभागाला पाणी देणाऱ्या टाकीचे मागील बारा महिन्यांत किती नमुने तपासले, प्रत्येक नमुना कोणत्या तारखेला व कोणत्या ठिकाणाहून घेतला, प्रयोगशाळेचा निकाल कोणत्या तारखेला आला आणि अयोग्य ठरलेल्या नमुन्यांबद्दल रहिवाशांना कोणत्या तारखेला व कशा प्रकारे कळवले, याच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात.’ उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की तारखांचे रकाने एकाखाली एक मांडा, आणि निकाल आला ती तारीख व लोकांना कळवलं ती तारीख यांतले दिवस मोजा.